सावळ्या गळ्याला कोणत्या रंगाचा मोती? तन्मणी घेणाऱ्या ताईला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात तुमचं म्हणणं असं, की लग्न मे महिन्यात आहे, मोत्याचा तन्मणी, कुड्या अन् नथ घ्यायची आहे, तुमचा रंग सावळा, मावशी म्हणते पांढऱ्या मोत्यानं पोरगी आणखी काळी दिसते म्हणून सोनेरी घे, तालुक्याचा दुकानदार लव्हेंडरच पुढं करून राहिला, मोबाइलवर वाचून तुम्ही मनगटाच्या शिरा पाहिल्या तं त्या हिरव्या का निळ्या तेच उमगलं नाही, अन् शेवटी विचारलं की नैसर्गिक रंगातला कोणता मोती सावळ्या रंगाला शोभतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडचा. मोती ओवायचं, दागिने गाठवायचं काम आमच्या घरात आधीपासूनच, थोडाफार माल विकतोही. दोन ओळीत उत्तर देता आलं असतं पण मग ते चुकीचं झालं असतं, म्हणून लांबवतो.

आधी मावशीचं. ती अर्धी बरोबर आहे. आपला डोळा कोणताच रंग एकटा पाहत नाही, शेजारच्या रंगाशी लावून पाहतो. पांढऱ्याच्या शेजारी सावळी त्वचा आहे त्याहून गडद वाटते अन् सोनेरी किंवा गडद वस्तूच्या शेजारी तीच त्वचा उजळ वाटते, हे खरंच होतं. पण त्यातून मावशीनं जो निकाल काढला तो मला पटत नाही. एक तं गडद दिसणं म्हणजे वाईट दिसणं नव्हे, अन् सावळ्या गळ्यावर पाणीदार पांढरा मोती जितका उठून येतो तितका गोऱ्या गळ्यावर येतच नाही, तिथं तो त्वचेत विरून जातो, कोणत्याही गाठवणाऱ्याला विचारा. दुसरं म्हणजे मावशीनं आजवर लग्नाकार्यात जे पांढरे मोती पाहिले असतील ते बहुतेक प्लॅस्टिकचे किंवा काचेवर लेप दिलेले खडूपांढरे मणी असतील, ते तं कोणालाच शोभत नाहीत, गोरीलाही नाही. असा मणी सगळा उजेड सारखाच परत फेकतो, शेजारचं त्यात काही उतरत नाही, म्हणून गळा वेगळा अन् माळ वेगळी दिसते. चांगल्या मोत्यात शेजारची त्वचा, साडीचा काठ, सोन्याचा मणी हे सगळं बारीक बारीक उतरतं. तोच मोती पांढऱ्या कागदावर गार दिसतो अन् सावळ्या गळ्यावर टेकवला की ऊबदार होतो. त्यामुळं माझ्याकडं कोणी रंग विचारत आलं की मी आधी पाणी, म्हणजे मोत्याची चकाकी, पाहायला लावतो, रंग नंतर.

पाणी पाहायचं कसं? मोती खिडकीसमोर धरा अन् त्यात खिडकीची चौकट दिसते का ते पाहा. चौकटीच्या कडा ठळक दिसल्या तं पाणी चांगलं, कडा पसरल्या तं मध्यम, अन् नुसता पांढुरका डाग दिसला तं तो मोती ठेवून द्या, मग त्याचा रंग तुमच्याशी कितीही जुळो. अनुभव असा आहे की फिक्या पाण्याचा 'जुळणारा' मोती घेणाऱ्या पोरी वर्षभरात दागिना कपाटात टाकतात अन् चांगल्या पाण्याचा 'न जुळणारा' मोती घेणाऱ्या तो प्रत्येक हळदीकुंकवाला घालतात.

आता रंग. मोती म्हणजे शिंपल्यानं एकावर एक चढवलेले अरॅगोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांचे, पापुद्रे, एकेक पापुद्रा साधारण अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा. उजेडाचा काही भाग वरच्या थरावरून परततो, काही आतल्या थरांवरून, अन् दोन्ही एकमेकांत मिसळून एक झाक उठते, गुलाबी, हिरवट, चंदेरी, जशी असेल तशी. म्हणजे मोत्याला रंग दोन असतात. एक अंगचा, जो थरांच्या मधल्या सेंद्रिय द्रव्यांतून येतो, पांढरा, साईचा, पीच, करडा वगैरे. दुसरी ही झाक, जी उजेडानं होते अन् मोती फिरवला की थोडी सरकते. दुकानात सगळी बोलणी अंगच्या रंगावर होतात, गळ्यावर मात्र काम झाक करते. दोन माळा घ्या, दोन्ही पांढऱ्याच, एकीला गुलाबी झाक अन् दुसरीला हिरवट, अन् पिवळसर अंगाच्या पोरीच्या गळ्याला लावून पाहा. पहिलीनं चेहरा टवटवीत होतो, दुसरीनं पोरगी काल रात्री झोपली नाही असं वाटतं. म्हणून 'सावळ्याला पांढरा चालतो का' या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तरच नाही, कोणत्या झाकेचा पांढरा ते आधी विचारायचं.

'नैसर्गिक रंग' म्हणता तेव्हा एक गोष्ट मोकळी करून घेऊ. मोती नैसर्गिक असणं अन् मोत्याचा रंग नैसर्गिक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज बाजारात जो खरा मोती मिळतो तो जवळपास सगळा संवर्धित, म्हणजे शिंपल्यात माणसानं कलम लावून घडवलेला. जपानच्या कोकिची मिकिमोतोनं १८९३ साली असा पहिला अर्धगोल मोती काढला, पुढं गोल मोत्यांचा धंदा वाढत गेला अन् १९३० च्या दशकात इराणच्या आखातात बुडी मारून मोती काढणाऱ्यांचा जुना व्यापार बसला. त्या आखाती मालाला आपण बसरा म्हणतो, त्याची मोठी पेठ मुंबईत होती. खरा बसरा आता जुन्या दागिन्यांतच सापडतो अन् त्याची किंमत तुमच्या-माझ्या बजेटमधली नाही, म्हणून काउंटरवर कोणी 'बसऱ्याची नथ' म्हणून स्वस्तात दिली तं ते फक्त बारीक मोत्याला दिलेलं नाव आहे असं समजा. बसऱ्याचा रंग मात्र लक्षात ठेवा, तो झक्क पांढरा नसतो, साईचा असतो अन् वर गुलाबी झाक. जुन्या बायांच्या सावळ्या-गव्हाळ गळ्यांवर जे मोती शोभायचे म्हणून आपण ऐकतो ते या रंगाचे होते.

संवर्धित मोत्याचा रंग नैसर्गिक असू शकतो, रंगवलेलाही असू शकतो. कोणत्या शिंपल्यातून आला त्यावर त्याचे खरे रंग ठरतात. जपानी अकोया लहान असतो, बहुतेक ६ ते ८ मिलिमीटर, पांढरा ते साईचा, पाणी जबरदस्त. पण खरं सांगायचं तं अकोया बहुतेक ब्लीच केलेला असतो, काही मालाला वरून हलका गुलाबी रंगही पाजलेला असतो. साउथ सी म्हणजे पिंक्टाडा मॅक्झिमा या मोठ्या शिंपल्यातला, त्याची चंदेरी ओठाची, म्हणजे शिंपल्याची आतली कड चंदेरी असलेली, जात ऑस्ट्रेलियाकडं, तिचे मोती पांढरे-चंदेरी, अन् सोनेरी ओठाची जात फिलिपिन्स-इंडोनेशियाकडं, तिचे मोती साईपासून गडद सोनेरीपर्यंत. हा मोती मोठा असतो अन् महाग असतो, तन्मणीत बसतच नाही. ताहितीचा काळा मोती फ्रेंच पॉलिनेशियातला, काळा फक्त म्हणायला, त्यात करडा, हिरवा, मोरपंखी, वांगी असे रंग असतात. अन् राहिला गोड्या पाण्याचा, जो चीनच्या झेजियांगकडच्या तळ्यांतून येतो, अन् हैदराबादी मोती म्हणून आपण जे आणतो त्यातला मोठा भाग आज हाच आहे, हैदराबादला भोक पाडणं, निवडणं, ओवणं होतं. आम्हीही पांढरकवड्यावरून आदिलाबाद अन् तिथून हैदराबाद असाच माल आणतो. या मोत्यात पांढरा, साई, पीच, गुलाबट अन् लव्हेंडर हे रंग शिंपलाच देतो.

गडचिरोलीकडं काही शेतकरी शेततळ्यात नदीचे शिंपले पाळून मोती काढतात, चांगलं काम आहे, पण तिथं जास्त करून गणपती वगैरे आकाराचे डिझाइन मोती निघतात, तुमच्या तन्मणीला लागणारे बारीक जुळते दाणे तिथं शोधू नका.

गंमत पाहा, या हिशोबानं 'नैसर्गिक रंग' म्हणून झक्क पांढरा मागणं हेच सगळ्यात अवघड, कारण गोड्या पाण्याचा पांढराही बहुतेक ब्लीच होऊनच येतो. साई अन् फिका पीच हे रंग नैसर्गिक असण्याची शक्यता जास्त. ब्लीच म्हणजे फसवणूक नाही, सगळा धंदा तसा चालतो, पण जास्त ब्लीच झालेला मोती खडूकडं झुकतो अन् आपण वर जे बोललो ते पाणी जातं. लव्हेंडर तुम्हाला दाखवला तो फिका अन् दाण्यादाण्याला थोडा वेगळा असेल तं खरा असू शकतो, सगळी माळ एकसारखी गडद जांभळी असेल तं रंगवलेली धरा. गोड्या पाण्यातला काळा जवळपास नेहमी रंगवलेला असतो, कुठं सिल्व्हर नायट्रेट या रसायनानं, कुठं साध्या डायनं, कुठं किरणांनी. चॉकलेटी मोतीही प्रक्रिया केलेलाच धरायचा. दोनशे रुपयांच्या माळेत ताहितीचा मोती येत नाही एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

रंगवलेला ओळखायचा असेल तं भिंग घ्या अन् मोत्याचं भोक पाहा. भोकाच्या काठाला किंवा आतल्या रेषेत रंग साचून गडद झालेला दिसतो, बारीक भेगा असतील तं त्यातही दिसतो. काही जण नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसून पाहतात, तसं करू नका, खरा मोतीही खराब होतो. दाताला घासून करकर लागते का ती परीक्षा प्लॅस्टिक अन् मोती एवढंच वेगळं करते, त्यातून रंग खरा का खोटा काही समजत नाही. अन् नैसर्गिक का संवर्धित हे तं नुसत्या डोळ्याला दिसतच नाही, त्याला लॅबमधला एक्स-रे लागतो.

चला, आता त्वचा. तुमचं ते शिरांचं प्रकरण आधी सोडून द्या. ती टेस्ट गोऱ्या कातडीवर थोडीफार चालते, सावळ्या हातावर शिरा नीट दिसतच नाहीत, अन् ट्यूबलाइटखाली एक रंग अन् बाहेर दुसरा. आपल्याकडं आणखी एक भानगड असते. वावरात जाणाऱ्या, गाडीवर कॉलेजला जाणाऱ्या पोरींचा चेहरा अन् हात उन्हानं दोन शेड रापलेले असतात अन् गळ्याच्या खालचा भाग वेगळाच असतो. मोती बसणार गळ्यावर, म्हणून मनगट नाही, गळ्याच्या हाडाखालची जागा पाहायची, जिथं ब्लाउजमुळं ऊन कमी लागतं.

अन् पाहायचं काय तं सावळा किती ते नाही, सावळ्याच्या आत काय आहे ते. काही सावळ्या अंगात पिवळसर-तांबूस ऊब असते, हळद-कुंकू चटकन खुलतं, मोहरी पिवळी साडी छान दिसते, जुनं लालसर सोनं अंगावर चमकतं. काही सावळ्या अंगात निळसर-करडी झाक असते, तिथं पिवळी साडी अंगाला राखेसारखी करते पण राणी, जांभळा, गडद हिरवा झकास बसतो. अन् काही पोरी मधल्या, दोन्ही चालतं, त्यांनी माझं उत्तर इथं सोडलं तरी हरकत नाही, काहीही घ्या. तुमच्या घरातल्या साड्या काढा, एक मोहरी पिवळी अन् एक राणी रंगाची, दोन्ही आळीपाळीनं हनुवटीखाली धरा अन् बाजूला कोणाला तरी उभं करा, शिरा पाहण्यापेक्षा हे लवकर कळतं.

अंग ऊबदार सावळं असेल तं माझी पहिली पसंती साईच्या अंगाचा अन् गुलाबी झाकेचा मोती, म्हणजे बसऱ्याच्या वळणाचा. दुसरी पसंती जरा गडद पीच किंवा शॅम्पेन. फिका पीच मात्र सावध राहून घ्या, गव्हाळ अंगाच्या बाईवर तो अंगाच्या रंगाशी इतका मिळून जातो की दागिना घातलाय का नाही तेच दुरून दिसत नाही, तुम्ही गव्हाळपेक्षा गडद असाल तं तो प्रश्न येणार नाही. सोनेरी साउथ सी अशा अंगावर अतिशय सुंदर दिसतो, मावशीचं तेवढं शंभर टक्के खरं, पण खऱ्या सोनेरीची किंमत ऐकून मावशीच विषय बदलेल, अन् स्वस्तातला सोनेरी रंगवलेला असतो, तो सोन्याच्या मण्याशेजारी पितळी दिसतो. लव्हेंडर या अंगाला मी देत नाही. जांभळा अन् पिवळा एकमेकांच्या विरुद्ध रंग, एकाच्या शेजारी दुसरा जास्त भडकतो, म्हणजे लव्हेंडरच्या माळेनं तुमच्या अंगातला पिवळेपणा नको तेवढा वर येईल. दुकानदारानं काहून लव्हेंडर दाखवला, तं ती माळ पडून असेल, दुसरं काय.

अंग निळसर सावळं असेल तं उलट. तिथं स्वच्छ पांढरा, गुलाबी किंवा चंदेरी झाकेचा, पाणी जितकं मिळेल तितकं, अन् हा फरक जेवढा ठळक तेवढी शोभा जास्त. लव्हेंडर इथं खरंच चांगला. मोरपंखी ताहिती तं या अंगासाठीच घडला असं वाटतं. पण लग्नात काळा मोती म्हटलं की आजी नाक मुरडते. मंगळसूत्रात दोन पदर काळे मणी चालतात, मोती काळा चालत नाही, याचं उत्तर मला अजून कोणी दिलं नाही. असो. घरात वाद नको असेल तं काळा मोती रिसेप्शनच्या कानातल्यांसाठी ठेवा. साईचा मोती निळसर अंगावर मळका दिसू शकतो, घेण्याआधी लावून पाहाच.

गोऱ्या अन् गव्हाळ पोरींसाठी एकदोन ओळी, कारण हे वाचणारे बाकीचेही असतील. गुलाबी गोरीला गुलाबी झाकेचा पांढरा, पिवळसर गोरीला साई. गव्हाळला साईपासून गुलाबटपर्यंत बहुतेक सगळं चालतं, फक्त वर सांगितलेला फिका पीच सोडून. अन् जे पत्रिकेतल्या चंद्रासाठी अंगठीत मोती घालतात त्यांनी रंग जुळवायच्या भानगडीत पडू नये, ते खातं वेगळं.

इथपर्यंत सगळं अंगाच्या रंगावर झालं, पण गाठवणारा म्हणून माझं खरं म्हणणं असं आहे की दागिना अंगावर कुठं बसतो त्यानं निम्मा निकाल लागतो, अन् हे कोणी सांगत नाही. तन्मणी गळ्याला चिकटून त्वचेवर बसतो, म्हणून तिथं वरचा सगळा विचार लागू. लांब सर असेल तं तो पदरावर, साडीवर पडतो, त्याला अंगाचा रंग काय करणार, तिथं साडीशी जुळवा. कुडीच्या मागं केस असतात अन् बाजूला गाल, काळ्या केसांपुढं पांढरा कोणाचाही उठतो, तिथं मी बिनधास्त तन्मणीपेक्षा एक शेड उजळ मोती देतो. अन् नथ! नथीतला दाणा दोन-तीन मिलिमीटरचा, एवढ्याशा दाण्यात अंगचा रंग डोळ्याला कळतच नाही, फक्त चकाकी कळते, वर तो नाकाच्या सावलीत बसतो. नथीसाठी साई का पांढरा यावर डोकं घालू नका, सगळ्यात पाणीदार बारीक दाणे निवडून घ्या अन् बाकी पैसा तन्मणीत टाका.

तन्मणीत बारीक मोत्यांचे खूप सर एकत्र असतात, त्यामुळं एकेका दाण्याचा रंग नाही, सगळ्या सरांचा मिळून एक रंग दिसतो. म्हणून मी सगळे सर अगदी एका शेडचे घेत नाही. बहुतेक साईचे अन् मध्ये काही गुलाबट पांढरे, असे मिसळले की गळ्यावर जिवंतपणा येतो, अन् एकदम एकसारखे पांढरे घेतले की फोटोत एक पट्टा दिसतो. दोऱ्याचंही पाहा. बारीक मोत्यात भोकाच्या प्रमाणात दोरा जाड पडतो अन् दाण्यादाण्यामध्ये दिसतो, गडद रंगाच्या रेशमात गाठवलं तं साईचा सर काळवंडतो, पांढऱ्या किंवा साईच्या रेशमात उजळ राहतो. अन् मध्ये सोन्याचे मणी टाकणार असाल तं २२ कॅरेटचं पिवळं सोनं शेजारच्या मोत्याला आणखी पिवळं करतं, तेव्हा मोती अर्धी शेड पांढरा घ्यायचा, दुकानात नुसती मोत्याची लड पाहून ठरवलेला रंग गाठवल्यावर बदलला म्हणून आमच्याशी भांडायला येणाऱ्या गिऱ्हाइकांचं हेच कारण असतं.

दुकानात निवडायची पद्धत सांगतो. काउंटरच्या लाइटखाली ठरवूच नका, तिथले दिवे माल खपवायलाच लावलेले असतात. लड घेऊन दुकानाच्या बाहेर, ओसरीत किंवा दारात या, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला किंवा चारनंतर, थेट उन्हात नाही, सावलीतल्या उजेडात. कमीत कमी दोन वेगळ्या लडी एकाच वेळी लावा, एक गळ्याच्या डाव्या बाजूला, एक उजव्या, कारण एकच लावली तं सगळीच बरी दिसते. अन् आता मोत्याकडं पाहायचं नाही, त्वचेकडं पाहायचं. कोणत्या बाजूनं डोळ्याखालची काळी वर्तुळं जास्त दिसतात, कोणत्या बाजूला गळा करडा पडतो, कोणत्या बाजूला साफ दिसतो. स्वतः आरशात पाहण्यापेक्षा सोबतच्या बाईला पाहायला सांगा. मोबाइलनं फोटो काढून घरी पाठवू नका, मोबाइल आपल्या मनानं रंग सुधारतो, दोन फोटोंत एकच माळ दोन रंगाची येते अन् मग घरून फोनवर फोन. दुकानदारानं लड बाहेर न्यायला नाही म्हटलं तं दुसरं दुकान पाहा, सरळ आहे.

तुमच्या लग्नासाठी तीन गोष्टी वेगळ्या. हळद आदल्या दिवशी किंवा सकाळी लागली की गळा पिवळाधमक होतो अन् धुऊनही एकदोन दिवस ती छटा राहते. वर मामाकडची पिवळी साडी असली तं तिचा पिवळा उजेड खालून हनुवटीवर अन् मोत्यावर पडतो. म्हणजे लग्नाच्या दिवशी तुम्ही रोजच्यापेक्षा जास्त ऊबदार दिसणार, त्यामुळं हिरवट झाकेचा अन् करडा मोती त्या दिवसापुरता तरी टाळा, अंग निळसर असलं तरी. दुसरं, पार्लरवाली चेहरा दोन शेड उजळवेल अन् गळ्याला अर्धवट फासेल. मोती गळ्याशी जुळवलेला असला तं हा फरक लपतो, चेहऱ्याशी जुळवला तं उघडा पडतो, म्हणून ट्रायलच्या दिवशी मेकअप करून मोती निवडू नका. तिसरं लाइट. मंगल कार्यालयात हल्ली थंड पांढरे एलईडी असतात, साधारण ६५०० केल्विनचे, त्यात साईचा मोती बराच पांढरा दिसतो अन् पांढरा निळसर दिसतो. पिवळ्या बल्बच्या मांडवात उलटं होतं. लग्न संध्याकाळच्या मुहूर्तावर कार्यालयात असेल तं साईकडं जायला आणखी एक कारण मिळालं.

अन् मे महिना म्हणजे घाम. घाम थोडा आम्लधर्मी असतो, मोती मुळात कॅल्शियम कार्बोनेट, रोज घामात राहिला की पाणी उतरतं अन् पांढरा मोती हळूहळू पिवळा पडतो. साईच्या मोत्यात हा बदल डोळ्यात भरत नाही, स्वच्छ पांढऱ्यात भरतो. अत्तर, हेअरस्प्रे सगळं आधी मारायचं, मोती शेवटी घालायचा, उतरवल्यावर किंचित ओल्या मऊ सुती कपड्यानं पुसायचा अन् वाळू द्यायचा. टिनाच्या छताखालच्या लोखंडी कपाटात उन्हाळाभर डब्बाबंद ठेवू नका, मोत्याच्या अंगात थोडा ओलावा असतो, फार कोरड्या गरमीत तो तडकू शकतो. खालच्या खोलीत, सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. अन् रेशीम घामानं कुजतं, म्हणून रोज घालत असाल तं वर्षा-दोन वर्षांनी परत गाठवून घ्या, त्यात माझा धंदा आहे हे खरं, पण तुटलेल्या सरातले दाणे मांडवातल्या सतरंजीवर शोधणं काय असतं ते मी पाहिलेलं आहे.

तुम्ही विचारलं तेवढ्यावर माझा अंदाज सांगायचा तं, मोहरी पिवळी साडी तुम्हाला खुलत असेल तं तन्मणीला साई अन् गुलाबट पांढरा मिसळून गोड्या पाण्याचे बारीक पाणीदार मोती, कुड्या एक शेड उजळ, नथीला फक्त पाणी पाहून. राणी रंग खुलत असेल तं तन्मणी स्वच्छ पांढरा गुलाबी झाकेचा, अन् लव्हेंडर हवाच असेल तं कानात. एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, तन्मणीचं खोड, म्हणजे मधलं खड्यांचं पदक, कसं घेणार आहात ते. लाल खड्याचं खोड असेल तं त्याच्या जवळचे दाणे गुलाबी दिसतात अन् साईचा मोती त्यात आणखी खुलतो, हिरव्या खड्याचं असेल तं जवळचे दाणे हिरवट पडतात, मग तेवढ्या भागातले दाणे मी मुद्दाम जास्त गुलाबी झाकेचे लावतो. खोड ठरलं की सांगा, अन् साडीची टेस्ट करून अंग ऊबदार निघालं का निळसर तेही लिहा, म्हणजे सर किती अन् कसे मिसळायचे ते सांगता येईल.